भोगीच्या भाजीतला टोमॅटो

सासऱ्याशी पैज लावू नये असं अंकिताला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं असतं असं नाही, कारण पोर बार्शीची, ऐकून घ्यायची सवय तिला माहेरीसुद्धा नव्हती. तर लावली तिनं पैज. आणि लावली ती कशावर, तर टोमॅटोवर. तीही अशा माणसाशी, ज्यानं टेंभुर्णीजवळच्या आपल्या रानात उभी हयात टोमॅटोच पिकवला होता. आता याला धाडस म्हणायचं की येडेपणा, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

रामहरी म्हणजे अंकिताचे सासरे. ती त्यांना मामा म्हणायची, आपल्याकडे म्हणतातच तसं. सासूबाई गोजरबाई गेल्यापासून मामा गावी एकटेच राहत होते. स्वतःच्या हातानं दोन भाकरी थापायचे, त्यातली एक करपायची, पण कुणापुढं तोंड उघडायचे नाहीत. दसऱ्याच्या तोंडावर एक दिवस बांधावर चक्कर येऊन पडले. अंगातली साखर एकदम उतरली होती. शेजारच्या रानातल्या मल्लिनाथला ते दिसले तेव्हा ऊन कलायला आलं होतं, आणि किती वेळ पडून होते ते त्यांचं त्यांनाही सांगता येईना. मग त्यांचा मुलगा सतीश गाडी घेऊन गेला आणि बापाला सोलापूरला, शुक्रवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी घेऊन आला. रान चुलतभावाच्या पोराला बटईनं दिलं.

मामा आले खरे, पण आले ते पाहुण्यासारखे. जेवताना दुसऱ्यांदा भाजी मागायची नाही, पंखा लावायच्या आधी विचारायचं, टीव्ही दुसऱ्या कुणी लावला तरच बघायचा. आणि दर दोन दिवसांनी एक वाक्य ठरलेलं. "लेकाच्या घरी आयतं बसून खायाचं, ह्ये काय आपल्याला जमायचं न्हाय. जरा बरं वाटलं की मी आपला माज्या गावाला."

हे वाक्य अंकिताला नको व्हायचं. का ते सांगायला हवं. सतीश श्रीपूरला साखर कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत कामाला. गळीत हंगाम सुरू झाला की तो तिकडेच खोली करून राहायचा आणि सुट्टीपुरता घरी यायचा. दिवाळी झाली की पार होळीपर्यंत अंकिता एकटी. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना काचा लावून बघायला लावायचं, संध्याकाळी घरी येऊन कुलूप काढायचं, दिवा लावायचा आणि भांड्यांशी बोलायचं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, घरात लेकरू नव्हतं, आणि लोकांना त्यावर बोलायला भरपूर होतं. यंदा मात्र जिन्यात तिची चप्पल वाजली की आतून कडी निघायची. "आली व्हय? च्या टाकू का?" असं विचारून मामा चहा टाकायचेसुद्धा. स्वतःला साखर बंद म्हणून सगळी हौस ते तिच्या कपात भागवायचे, त्यामुळे तो चहा गिळवत नसे. ती मुकाट्यानं प्यायची. हा माणूस आपल्याला घरात हवा आहे, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळून चुकलं होतं.

पण कळणं वेगळं आणि तोंडानं म्हणणं वेगळं. सासऱ्याला सून काय म्हणणार, तुम्ही असलात की मला बरं वाटतं? शिवाय विचारलं आणि ते 'न्हाय' म्हणाले तर? न विचारलेल्या गोष्टीला निदान नकार तरी मिळत नाही. म्हणून ती गप्प बसली, आणि गप्प बसणाऱ्या माणसाला जे सुचतं तेच तिला सुचलं, म्हणजे भलतंच काहीतरी.

दिवाळी झाल्यावर ती होटगी रस्त्याच्या बाजूच्या एका नर्सरीतून टोमॅटोची रोपं घेऊन आली. गच्चीवर रिकामी पोती मातीनं भरली होती, त्यात लावायला. मामा जिना चढून वर आले आणि रोपांकडे बघत उभे राहिले.

"ह्ये कशाची?"

"टोमॅटोची. लवकर येणारा वाण आहे, मामा. नर्सरीवाला म्हणाला, संक्रांतीच्या आत पिकतो."

मामा हसले. सोलापुरात आल्यापासून पहिल्यांदाच हसले. "संक्रांतीच्या आत? अगं, थंडीत टोमॅटो झोपतोय. त्यो नर्सरीवाला तुला शेंडी लावतोय की. शिवरात्रीच्या आत ह्याला रंग आला तर मिशी उतरवीन."

"मिशी राहू द्या," अंकिता म्हणाली. ती हसत होती, पण बोटांनी रोपाचं पान चुरत होती. "भोगीच्या भाजीत या रोपांचा पिकलेला टोमॅटो पडला, तर तुम्ही हितंच राहायचं. कायमचं. आणि नाही पडला, तर कर झाली की मी स्वतः तुम्हाला टेंभुर्णीच्या गाडीत बसवून देते."

"भोगीच्या भाजीत टोमॅटो कोण घालतंय?"

"मी घालते."

मामांनी मिशीवरून हात फिरवला. रोपांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "लागली," म्हणाले.

झालं. भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस, आणि कर म्हणजे संक्रांतीचा दुसरा. करीला कुणी गाव सोडत नाही, म्हणून त्याच्या पुढचा दिवस. थट्टेत लागलेली पैज, पण रामहरीचा शब्द म्हणजे शब्द, हे आख्ख्या गावाला माहीत होतं आणि अंकितालाही. आता टोमॅटो पिकला तर मामा राहणार आणि नाही पिकला तर जाणार, यात दुसरं काही उरलं नव्हतं. रात्री तिनं सतीशला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तुला दुसरं काही मिळालं नाही का.

आणि मग गंमत बघा. पैज लागल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी मामांनी मल्लिनाथला सांगून टेंभुर्णीहून एसटीनं एक पोतं मागवलं. त्यात शेळ्यांचं लेंडीखत. कंडक्टरनं म्हणे सगळ्या वाटेत कटकट केली, आणि स्टँडवरून ते पोतं रिक्षात घालून घरी आणेपर्यंत रिक्षावाल्यानं केली. मामांनी ते खत पोत्यापोत्यात कालवलं. कुस्तीच्या आदल्या दिवशी समोरच्या पैलवानाला कुणी दूध पाजतं का? पण अंकिताच्या हे काही डोक्यात शिरलं नाही. तिला वाटलं, सवयच आहे म्हाताऱ्याला.

रोपं लागली. नळाला पाणी आलं की बादल्या भरून मामाच त्या वर चढवायचे, गुडघ्यावर हात देत. भाज्या धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत जाऊ द्यायचे नाहीत. शेजारच्या गच्चीवर सुंदरम्मा उन्हात विड्या वळत बसायची. तिचं घर तेलुगू, विणकरांचं, तिच्या नवऱ्याची हयात चादरीच्या मागावर गेलेली. ती एकदा अंकिताला म्हणाली, "तुमचा सासरा झाडासंगं बोलतोय की ओ. तुमच्यासंगं तरी येवढं बोलतोय का?" अंकिता हसली, पण ते तिला लागलंही.

हा वाण काही मामांच्या ओळखीचा नव्हता. रानात त्यांनी लावला होता तो उंच जाणारा टोमॅटो, बांबू रोवून तारेला बांधायचा. हा बुटका. गुडघ्याएवढा झाला आणि उंची सोडून आडवा पसरला. पान आणि खोड मिळतं तिथं, प्रत्येक बेचक्यातून एकेक फुटवा निघालेला, आणि त्या फुटव्यांवर पिवळ्या कळ्या धरायला लागलेल्या. नर्सरीवाल्यानं अंकिताला बजावलं होतं, ताई, याचे फुटवे काढू नका, फळं फुटव्यांवरच लागतात. तिनं ते लक्षात ठेवलं. मामांना मात्र सांगितलं नाही. ज्यानं ट्रकच्या ट्रक टोमॅटो भरून पाठवला त्याला आपण काय सांगायचं, असं तिला वाटलं. चूक तिथंच झाली.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ती घरी आली तर दार नुसतं लोटलेलं आणि मामा गच्चीवर. वर गेली तर मामा सदऱ्याच्या बाह्या सारून, कमरेवर हात ठेवून उभे. बोटं हिरवीकाळी झालेली आणि चेहरा असा उजळलेला की गोजरबाई गेल्यापासून तसा कुणी पाहिला नसेल. रोपं काठ्यांना सरळ बांधली होती, सुंदरम्माकडून मागून आणलेल्या सुतानं. आणि सगळी रोपं बोडकी. एक खोड, थोडी पानं, वर एखादा घोस. कोपऱ्यात टोपलीभर फुटवे पडले होते, कळ्यांसकट.

"बग," मामा म्हणाले. "आता कशी सुटसुटीत झाली."

अंकिताच्या डोक्यात तिडीक गेली. "मामा, हे काय केलंत?"

"फुटवं काढलं. लई दाटी झाली हुती की."

"या वाणाचे फुटवे काढायचे नसतात. याला फळं धरतात ती फुटव्यांवरच. नर्सरीवाल्यानं दहादा बजावलं होतं मला."

"फुटव्यावर?" मामा म्हणाले.

"हो, फुटव्यांवर. आणि तुम्हाला हे माहीत नसेल असं मी कसं मानू? हयात गेली तुमची टोमॅटोत." ती थांबली असती तर बरं झालं असतं, पण जीभ एकदा सुटली की दावणीला परत येत नाही. "जिंकायची एवढी घाई झाली होती का, मामा? जायचंच होतं तर सरळ जायचं होतं. माझी रोपं कशाला कापली?"

मामांनी टोपलीतला एक फुटवा उचलला. त्याच्या कळ्या बोटांनी चाचपून बघितल्या, एकदा, दोनदा. मग तो परत टोपलीत ठेवला.

"व्हय," ते म्हणाले, "घाई झाली खरी."

आणि कठड्याला धरत धरत जिना उतरून गेले.

त्या दिवसापासून मामांनी गच्चीवर पाऊल ठेवलं नाही. अंकिता यायच्या वेळी ते मारुतीच्या देवळात जाऊन बसायचे. चहा मात्र करून ठेवायचे, ओट्यावर, ताटली झाकून. तिनं कुलूप काढायचं आणि गार झालेला चहा गरम करायचा. एक दिवस ती लवकर आली तर मामा आतल्या खोलीत फोनवर बोलत होते. "मल्लिनाथा, घर तेवडं झाडून घी. कर झाली की येतोय मी. आता कायमचाच." अंकिता बाहेरच्या खोलीत चप्पल न काढता उभी राहिली आणि तिला रडू आलं. रागाचं म्हणावं तर राग तिला स्वतःचा आला होता, आणि त्यांचाही, आणि त्या मेल्या नर्सरीवाल्याचाही.

सुट्टीला सतीश आला. मामा देवळात होते. अंकितानं त्याला घडलेलं सगळं सांगितलं, फुटव्यांचं, टोपलीचं, आपण काय बोललो तेही. सतीश आधी हसायला लागला, मग थांबला.

"तू आप्पांना असं म्हणालीस? जिंकायची घाई झाली म्हणून?"

"मग काय म्हणायचं होतं?"

"अगं, आमच्या रानात दर आठवड्याला फुटवे काढायचो आम्ही. शाळेत माझी बोटं काळी असायची, मास्तर हात पुढं करायला लावायचे. का काढायचो माहीत आहे? फुटवा काढला की झाडाचा जोर फळात जातो आणि फळ लवकर तयार होतं. आजूबाजूच्यांच्या आधी आपला माल बाजारात गेला पाहिजे, एवढं एकच वेड आप्पांना. या वाणाचं वेगळं आहे हे त्यांना कुठून कळणार? त्यांनी बुटका टोमॅटो कधी लावलाच नाही."

अंकितानं हातातली भाजी खाली ठेवली.

"आणि तुला हरवायचंच असतं," सतीश म्हणाला, "तर पाण्याच्या बादल्या चढवायचं बंद केलं असतं की. ते सोपं होतं. गुडघे आहेत का त्यांचे? दिवसभर वाकून फुटवे खुडत बसले ते कशासाठी?"

  लेंडीखताचं पोतं अंकिताला आता आठवलं, सुंदरम्माचं बोलणं आठवलं, आणि टोपलीपुढं उभे असलेले मामा आठवले. घाई झाली खरी, असं म्हणाले होते. टोमॅटो लवकर पिकावा याची घाई. स्वतः पैज हरावी याची घाई. त्या माणसाला राहायचं होतं, आणि तेही त्याला तोंडानं म्हणता येत नव्हतं.

"तुम्ही विचारा ना त्यांना," ती सतीशला म्हणाली. "सरळ सांगा, राहा म्हणून."

"मी सांगितलं की म्हणतील, तुला काय कळतंय. आमचं बाप-लेकाचं बोलणं आजवर उसाच्या पुढं गेलेलं नाही." सतीशनं मान हलवली. "तूच सांग."

मामा देवळातून आले तशी अंकिता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. सांगायचं होतं एक आणि निघालं दुसरं. "मामा, चुकलं माझं. मी तसं बोलायला नको होतं."

"तुजं काय चुकलं?" मामा खाटेच्या कडेवर बसले. "हात माजा चालला, डोळं मिटून चालला. वाण नवा, इचारायला पायजे हुतं." त्यांनी तळहात उलटसुलट करून बघितला. "टोमॅटोतसुदा आता आपला उपेग न्हाय बग."

हे ते कुणाला दोष न देता बोलले, आणि म्हणूनच ते ऐकून अंकिताला कसंसंच झालं. ती म्हणाली, "वर चला. राहिलेल्या घोसांचं काय करायचं ते सांगा."

"नर्सरीवाल्याला इचार की."

"नर्सरीवाला रोपं विकून मोकळा झाला. तुम्ही चला."

मामा उठले. जिना चढताना तिनं हात दिला, तो त्यांनी घेतला.

तिथून पुढचे दिवस बरे गेले, आणि वाईटही. प्रत्येक खोडावर एखाद-दुसरा घोस उरला होता. मामा सकाळी फुलांच्या देठाला हलकी टिचकी मारायचे, म्हणजे फळ धरतं म्हणे. दिवस कलला की थंडी लागू नये म्हणून दोघं मिळून जुनी सोलापुरी चादर काठ्यांवरून टाकायची, सकाळी काढायची. फळं धरली. सुपारीएवढी झाली, लिंबाएवढी झाली, तुकतुकीत झाली. पण हिरवी ती हिरवीच. तिकडे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळणे उभे राहिले, बाजारात गाजर, पावटा, हरभरा यायला लागला, आणि मामा अंकिताहून जास्त बेचैन झाले. एकदा हळूच म्हणाले, "तोडून तांदळाच्या डब्यात घातला तर? दोन दिसांत रंग येतोय."

"झाडावरच पिकला पाहिजे," अंकिता म्हणाली. "पैज म्हणजे पैज."

असं ती का म्हणाली कुणास ठाऊक. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस काही माणसांना असते. मामांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

भोगी उजाडली. अंकितानं न्हाऊन तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या टाकल्या. भाजीचं सगळं परातीत चिरून ठेवलं होतं. न खाई भोगी तो सदा रोगी, असं म्हणतात, त्यामुळे त्या दिवशी भाजीत काही कमी ठेवायचं नसतं. मग हात पुसून ती गच्चीवर गेली. मामा तिच्या आधीच तिथं उकिडवे बसले होते, शेवटच्या पोत्यापुढं.

"पिकला," मामा म्हणाले.

"कुठाय?"

"ह्यो काय."

अंकिता वाकली. सगळ्यात खालच्या घोसातला एक टोमॅटो. वरून हिरवागार, आणि बुडाशी, अगदी बुडाशी, पिवळसर गुलाबी झाक, बोटाच्या नखाएवढी. डोळे ताणून बघितली तर दिसेल अशी.

"मामा, हा हिरवा आहे."

"हिरवा कुटं? बुडाला रंग धरलाय की. हैदराबादला जायाचा माल आमी असाच तोडायचो. ह्याच्या म्होरं एक दिस ठेवला तर व्यापारी शिव्या घालायचा. बाजारात ह्याला पिकलाच म्हणत्यात."

"बाजारात म्हणत असतील. भाजीत हा कच्चाच."

"तुला टोमॅटोतलं काय कळतंय?"

"चांगलं कळतंय. हा कच्चा आहे."

असलं भांडण कुणी बघितलं नसेल. जिंकणारा हरायला बसलेला आणि हरणारी त्याला हरू देईना. मामांचा आवाज चढला, ते त्या नखाएवढ्या रंगावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा दाखवत होते, आणि अंकिता तितक्याच हट्टानं मान हलवत होती. हो म्हणायचा अवकाश होता. पण हो म्हटलं असतं तर मामा पैज हरले म्हणून राहिले असते. उद्या दुसऱ्यांदा भाजी मागताना पुन्हा लाजले असते, पंखा लावताना पुन्हा विचारलं असतं. तिला तसं नको होतं.

मामांना शेजारच्या गच्चीवर सुंदरम्मा दिसली. भोगी तिच्याही घरी होती, दारात रांगोळी घालून ती वर कपडे वाळत घालायला आली होती. "सुंदरम्मा, जरा हिकडं या. तुमीच सांगा, ह्यो पिकला की न्हाय?"

सुंदरम्मा कठड्याशी आली. चष्मा सारखा करून वाकून बघितलं. "कच्चा हाय की ओ," म्हणाली. "अजून आठ दिवस तरी. आत्ता तोडू नका, वाया जातोय." आणि आपल्या कामाला निघून गेली. तिची काही चूक नव्हती, तिला बिचारीला यातलं काही माहीतच नव्हतं.

मामांची मान खाली गेली. पोत्यातलं एक ढेकूळ त्यांनी बोटांनी फोडलं. खाली कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

"म्हंजी," ते म्हणाले, "जिंकलो म्हणायचं मी."

"हो," अंकिता म्हणाली. "पैज तुम्ही जिंकलात."

मामा गुडघ्यावर हात देऊन उठायला लागले. तेव्हा अंकितानं त्यांचं मनगट धरलं. सासऱ्याचं मनगट असं तिनं आजवर धरलं नव्हतं.

"तरी जाऊ नका," ती म्हणाली. "टोमॅटो पिकला म्हणून नाही, ह्यांचे वडील म्हणून नाही. मला तुम्ही घरात हवे आहात. कसल्या उपयोगाला नाही, मामा. नुसते. हे मला दिवाळीपासून म्हणायचं होतं. धीर होत नव्हता, तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटत होती, म्हणून ही पैज काढली मी."

बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. मामांनी मनगट सोडवून घेतलं नाही. दुसऱ्या हातानं खांद्यावरच्या टॉवेलचं टोक धरून त्यांनी नाक पुसलं, मग डोळे पुसले, मग उगीचच मिशी पुसली.

"दिवाळीपासनं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग ह्ये तवाच म्हणायचं न्हाय व्हय, पोरी," मामा म्हणाले. "माज्या हातनं येवडं फुटवं तरी गेलं नसतं की."